मधली बारा वर्षं

लाँड्रीत उन्हाळा वेगळा येत नाही, तो तिथेच मुक्कामाला असतो. वाफेची मोठी प्रेस, दोन इस्त्र्या, कपडे सुकवायचं यंत्र, आणि या सगळ्यांच्या मधे दिवसभर उभ्या दोन जावा. थोरली त्रेसष्टची, धाकटी एक्कावन्नची. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटीचा नवरा, म्हणजे त्याचाच पाठचा भाऊ, गाडीवर असतो. घरोघरचे, हॉटेलांतले कपडे आणतो, धुतलेले पोचवतो, आणि दुकानात पाय ठेवला की पाच मिनिटांत 'काय उकडतंय इथे' म्हणून परत गाडीत जाऊन बसतो. त्याला उकडतं. या दोघींनी अर्धं आयुष्य तिथे काढलं, त्यांना कोणी विचारलं नाही.

तर अशा जागी धाकटीची पाळी थांबली आणि अंगात दुसरी भट्टी पेटली. कुणाच्या तरी कोटाची कॉलर दाबत असावं, आणि छातीतून एक लाट उठून मानेवरून थेट डोक्यात जावी. कान लाल, केस ओले, आणि घामाचा थेंब नेमका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर. रात्री तीच तऱ्हा. चादर ओली, उशी ओली, झोपेचं खोबरं झालेलं, आणि शेजारी नवरा खुशाल घोरत पडलेला. सकाळी तोंड उघडलं की भांडण. एकदा तिने नवऱ्याला नुसतं 'चहा घेता का' म्हणून विचारलं, तर तो दचकून म्हणाला, माझं काय चुकलं.

पहिल्या डॉक्टरने तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं. जशी काही ती आजवर तहानेने व्याकूळ बसली होती. दुसऱ्याने वजन कमी करा म्हटलं, आणि तिच्याकडे नीट बघून पुन्हा म्हणाला, बरंच करा. तिसऱ्याने मन रमवायचा सल्ला दिला. मन कुठे रमवायचं, प्रेसवर? धाकटी मुळात ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. पण या वयात हे व्हायचंच, या वयात हे व्हायचंच, असं इतक्या जणांनी ऐकवलं की तिलाही वाटायला लागलं, आपलीच नाटकं चाललीयेत.

शेवटी ती एका बायकांच्या डॉक्टरणीकडे गेली. या बाईने मात्र सगळं ऐकून घेतलं. रक्तदाब पाहिला, घरात कोणाला हृदयाचा त्रास, छातीत गाठ, पायात रक्ताच्या गुठळ्या, सगळं खोदून खोदून विचारलं, तपासण्या करून घेतल्या, आणि ओटीपोटावर चिकटवायची एक पातळ पट्टी लिहून दिली. शरीराने जी संप्रेरकं बनवायची थांबवलीत ती त्या पट्टीतून कातडीवाटे थोडी थोडी आत जातात. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायची, बस. धाकटीने घाबरत घाबरत विचारलं, याने हृदय बिघडतं म्हणतात ते खरं का. डॉक्टरीण म्हणाली, पाळी थांबून फार काळ लोटला नसेल, वय साठीच्या आत असेल आणि हृदय, रक्तदाब धड असेल, तर बहुतेक बायकांना हृदयाची तशी भीती नसते. हृदय सांभाळायचं औषध म्हणून मात्र ही पट्टी कोणी देत नाही, ते आपलं चालून-फिरून, खाऊन-पिऊन आपणच सांभाळायचं. धाकटीला एवढं पुरलं.

महिन्याभरात ती माणसात आली. रात्री डोळा लागायचा तो सकाळीच उघडायचा. नवऱ्याचं घोरणं तिला पुन्हा ऐकू येईनासं झालं, यापेक्षा मोठं सुख ते कोणतं.

थोरली हे सगळं बघत होती. थोरली बोलायची कमी. रोज दुकान उघडायच्या आधी ती स्वतःची चादर नि उशीचा अभ्रा धुऊन टाकायची, हे धाकटी कित्येक वर्षं बघत आली होती, आणि तिला ते जाऊबाईंचं स्वच्छतेचं खूळ वाटायचं. एके दिवशी दोघी हॉटेलच्या मोठ्या टेबलक्लॉथची घडी घालत होत्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, मग चालत येऊन टोकं जुळवायची. टोकं जुळली, आणि धाकटीच्या हातात कापड देता देता थोरली हळूच म्हणाली, "मला बारा वर्षं होतंय."

धाकटीला आधी कळेचना काय होतंय ते. कळलं तेव्हा ती तो टेबलक्लॉथ तसाच धरून उभी राहिली. बारा वर्षं ही बाई रोज रात्री घामाने निथळत होती, आणि सकाळी उठून दुसऱ्यांच्या चादरी धूत होती. धाकटीला तिचा रागच आला. तोंड नव्हतं का तुम्हाला, असं ती बोलूनही गेली. थोरली म्हणाली, तोंड होतं, उघडलंही होतं. तुझ्या वयाची असतानाच डॉक्टरकडे गेले होते. तेव्हा डॉक्टरने उडवूनच लावलं होतं. त्या औषधाने बायकांची हृदयं बंद पडतात, नाव काढू नका, सोसा, वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाईल. थोरलीने वर्ष वाट पाहिली, दोन वर्षं पाहिली, आणि मग वाट पाहायचीही सवय गेली.

दुसऱ्याच दिवशी धाकटी तिला ओढत त्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. आपलं झालं तसं हिचंही होईल, अशी तिची खात्रीच होती. डॉक्टरणीने थोरलीचंही सगळं ऐकून घेतलं, रक्तदाब पाहिला, तो आधीच गोळ्यांवर होता आणि तरीही वर होता, आणि मान हलवली. पट्टी नाही देता येणार. पाळी थांबून बारा वर्षं झाली. एवढ्या काळात रक्तवाहिन्या आतून बदललेल्या असतात, त्यांत आता हे औषध नव्याने सोडलं तर गुठळी व्हायची भीती, हृदयाला धोका, मेंदूलाही. तेव्हाच सुरू केलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असंही ती म्हणाली. वाईट मनाने नाही म्हणाली, कळवळूनच म्हणाली. दुसऱ्या जातीच्या गोळ्या तिने लिहून दिल्या. त्या घेऊन थोरलीला अशी गरगर सुटली की इस्त्री हातात धरवेना, आणि पंधरवड्यात तिने त्या बंद केल्या. पुन्हा जा, दुसरं काही असेल, असं धाकटी सांगत राहिली. थोरली म्हणाली, तोंडाला पानं पुसून घ्यायला कितीदा जाऊ?

आता खरी चूक इथे झाली, आणि ती या दोघींनाच करता आली असती.

लाँड्रीत एखाद्या नाजूक कापडावर हट्टी डाग आला, की डाग काढायचं जालीम औषध थेट डागावर ओतत नाहीत. कापड उलटं करायचं, आतली दुमड शोधायची, जी कोणाला दिसत नाही, आणि तिथे थेंबभर लावून बघायचं. रंग उडाला नाही, कापड विरलं नाही, तर पुढे जायचं. थोरलीने ही रीत धाकटीला शिकवली होती, आणि या रीतीवर त्यांच्या हातून आजवर एकही कोट वाया गेला नव्हता. तेव्हा थोरली एका दुपारी म्हणाली, एक पट्टी दे, अर्धी कापून लावून बघते. आतल्या दुमडीवर लावतो तसं. काही झालं तर काढून टाकीन.

धाकटीने नाही म्हटलं. मग ती घरी गेली, कोरड्या उशीवर झोपली, आणि ती कोरडी उशी तिला रात्रभर टोचली. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी आणली. दोघींनी कात्रीने अर्धी केली, थोरलीने आत जाऊन लावली, आणि दोघी वाट बघत बसल्या, पुरळ येतं का, चक्कर येते का. काही आलं नाही. रंग उडाला नाही, कापड विरलं नाही. मग अर्धीची पूर्ण झाली. धाकटीने डॉक्टरणीला जाऊन थाप मारली की वाफेने पट्ट्या सुटतात, जास्तीच्या लिहून द्या, आणि त्या भल्या बाईने दिल्या.

त्यानंतरचे दिवस धाकटी कधी विसरणार नाही. थोरली झोपायला लागली. बारा वर्षांनी बाई झोपली. सकाळची ती चादर धुणं बंद झालं. दुपारी ती गुणगुणायची, गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायची. एक गिऱ्हाईक नेहमी कोट आणून 'एकदाच घातलाय हो' असं सांगायचं. थोरलीने त्याला विचारलं, एकदाच, पण किती महिने? धाकटी हसून हसून खाली बसली. हे माणूस आपल्या घरात इतकी वर्षं होतं आणि आपल्याला भेटलंच नव्हतं, असं तिला वाटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं.

मग थोरलीचा जबडा दुखायला लागला. डावीकडचा, खालचा. दाढ असेल म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली, त्याला काही सापडलं नाही. पाठीत खांद्यांच्या मधे भरून यायचं, ते प्रेसच्या दांड्यामुळे. कपड्यांचं गाठोडं उचललं की धाप लागायची, ती वयामुळे. प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे कारण तयार होतं. धाकटीने दोनदा सांगितलं, ताई, पट्टी काढा, मला भीती वाटते. थोरली म्हणाली, पट्टी लावल्यापासून मी माणसासारखी झोपतेय, आणि तू मला काढ म्हणतेस. तिसऱ्यांदा सांगायला धाकटीची जीभ रेटली नाही, कारण पट्टी तिनेच दिली होती.

एके सकाळी धाकटी अर्धवट उघडं शटर वर सारून आत आली तर थोरली चादरींच्या गाठोड्यावर बसलेली. घामाने डबडबलेली. आणि आता काय सांगावं, धाकटीला हायसं वाटलं. पट्टीचा असर उतरला असेल, नेहमीचीच लाट आली असेल, म्हणून तिने पंखा तिच्याकडे वळवला आणि प्रेस तापत ठेवली. घामाची दोघींना इतकी सवय. थोड्या वेळाने थोरलीच्या कपाळावरचे केस मागे सारायला म्हणून तिने हात लावला, तर कपाळ गार होतं. लाटेत माणूस तापतं. हे गार होतं, ओल्या फडक्यासारखं. थोरलीने जबडा हाताने धरला होता आणि ती म्हणत होती, काही नाही, बसते जरा.

नवरा गाडी घेऊन आला. मागे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या, त्या ढकलून थोरलीला निजवलं. वाटेत त्याने वहिनी, वहिनी म्हणून चार हाका मारल्या, आणि ती प्रत्येक हाकेला ओ देत राहिली, त्याला बरं वाटावं म्हणून.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. डोळे तारवटलेले, बहुधा आदल्या दिवसापासून उभा असावा. त्याने छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांचा कागदी पट्टा काढला, रक्त घेतलं, आणि थोरलीला विचारलं, छातीत दुखतंय का. ती खरं तेच बोलली, छातीत नाही, जबड्यात दुखतंय. तो म्हणाला, कोणती औषधं चालू आहेत. थोरलीने धाकटीचं मनगट धरलं. घट्ट धरलं. रक्तदाबाची गोळी, ती म्हणाली. अजून काही? काही नाही. धाकटी गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची चीड तिला पुढे कित्येक दिवस पुरली.

तासाभराने तो परत आला. पट्टा ठीक आहे, रक्तातही विशेष काही नाही. पित्त झालंय, शिवाय घाबरल्यात. या वयाच्या बायका फार विचार करतात, घरी न्या, आराम करू द्या.

थोरली लगेच उठून चपला शोधायला लागली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. आता गप्प बसलं तर ही बाई घरी जाणार, आणि सांगितलं तर आपण हिला विष दिलं असं होणार. थोरलीने पुन्हा तिचं मनगट धरलं, धाकटीने ते सोडवून घेतलं आणि सांगून टाकलं. ही माझी संप्रेरकांची पट्टी लावते. मी दिली. डॉक्टरणीने नाही म्हटलं असताना दिली.

तिला वाटलं होतं, आता धावपळ होईल. डॉक्टर चिडला तेवढा. दुसऱ्याचं औषध वापरता, अक्कल आहे का, वगैरे. ते रास्तच होतं, तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. थोरलीने पट्टी काढून दिली, ती त्याने कचऱ्यात टाकली, आणि म्हणाला, मग झालं तर, त्यानेच धडधड होतेय, घाम येतोय. कारण सापडलं. बंद करा आणि घरी जा.

लपवलं तेव्हा घरी जा. सांगितलं तरी घरी जा. पट्टी नको म्हणायला हेच हृदय, आणि आता ते हृदय बघा म्हटलं की बघायला कोणी नाही. तिच्या डोक्यावरून पाणी गेलं. ती आरडाओरडा करील असं नवऱ्याला वाटलं आणि तो पुढे झाला, पण ती ओरडली नाही. ती स्टूल ओढून पलंगाला टेकून बसली.

"पट्टीने गुठळी होते असं मला सांगितलंय," ती म्हणाली. "झाली असेल तर ती शोधा. मी हिला घेऊन जाणार नाही."

डॉक्टर म्हणाला, पलंग रिकामा करावा लागेल. ती म्हणाली, करा, मी हिच्यासकट बसलेय. थोरली शरमेने अर्धी झाली होती, आजूबाजूचे पेशंट माना वळवून बघत होते, नवरा दाराशी कपाळाला हात लावून उभा होता. धाकटी बसून राहिली. सिस्टर येऊन समजावून गेली, धाकटी बसून राहिली. इतकी बसली की फेरीवर आलेल्या मोठ्या हृदयाच्या डॉक्टरला विचारावं लागलं, काय चाललंय. त्याने ऐकलं, थोरलीला दोन प्रश्न विचारले, आणि तरुण डॉक्टरला शांतपणे म्हणाला, रक्त पुन्हा घ्या, एकदाच तपासून भागत नाही.

दुसऱ्या वेळच्या रक्तात ते दिसलं. हृदयाचा झटका होता, चाललेलाच होता.

मग जी धावपळ झाली तीत धाकटीला कोणी विचारलं नाही आणि तिलाही काही विचारायचं नव्हतं. मनगटातून तार आत घातली, बुजलेली रक्तवाहिनी उघडली, तिच्यात जाळीची बारीक नळी बसवली. थोरली वाचली. बाहेर बाकावर नवरा लहान मुलासारखा रडला.

दोन दिवसांनी तो मोठा डॉक्टर पलंगापाशी आला तेव्हा धाकटीने त्याला गाठलंच. मला सरळ सांगा, पट्टीने झालं का. तो म्हणाला, रक्तवाहिनी कित्येक वर्षांपासून अरुंद होत आली होती, रक्तदाब होता, हे पट्टीशिवायही कधीतरी झालं असतं. पट्टीने धक्का दिला असेल. नसेलही. कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. धाकटीला वाटलं, हा एकदाचा हो म्हणाला असता तर बरं झालं असतं. शिक्षा तरी नीट भोगता आली असती. कोणी दोष देईना, की कोणी सोडवीना.

डॉक्टर थोरलीकडे वळून म्हणाला, ती पट्टी आता कायमची विसरायची. थोरलीने मान हलवली. उशीला टेकून ती जरा वर सरकली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "एक्कावन्नाव्या वर्षी विचारलं, तर म्हणाले हृदयाला वाईट, नाव काढू नका. त्रेसष्टाव्या वर्षी विचारलं, तर म्हणाले आता हृदयाला वाईट, तेव्हाच घ्यायला हवं होतं. मग माझी वेळ होती कधी?"

डॉक्टर जायला निघाला होता, तो थांबला. तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"तेव्हाच होती," तो म्हणाला. "त्या वेळी आम्ही सगळ्या वयाच्या बायकांना एकाच मापाने मोजत होतो. कोणाला चालतं आणि कोणाला नाही, हे नंतर हळूहळू कळत गेलं."

"नंतर म्हणजे, मी साठीला पोचायच्या आधी?"

"हो. बरंच आधी."

थोरली पांघरुणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शिवण कशी आहे ते बघत असावी, हाताला सवयच तशी.

"आमचं कपडे धुवायचं दुकान आहे," ती म्हणाली. "हा डाग निघणार नाही म्हणून एखाद्याचा कोट आम्ही परत देतो. पुढे तो डाग काढायची तऱ्हा सापडली, तर त्या माणसाला निरोप धाडतो, कोट घेऊन या. तुम्हाला कळलं, मग मला निरोप का नाही आला?"

डॉक्टरच्या मागे उभ्या असलेल्या सिस्टरने खिडकीबाहेर पाहिलं. "यायला हवा होता," तो शेवटी म्हणाला, आणि पुढच्या पलंगाकडे गेला.

चौथ्या दिवशी धाकटी पलंगाशेजारी खुर्चीत बसली होती आणि तिला लाट आली. तीच ती जुनी, छातीतून डोक्यात. तिने थोरलीला झटका आला त्या दिवसापासून स्वतःचीही पट्टी काढून ठेवली होती आणि नवी लावली नव्हती. डोळ्यांसमोर सारखं ते गार कपाळ यायचं. थोरलीने तिचे लाल झालेले कान पाहिले आणि तिला सगळं समजलं.

"पट्टी कुठंय?" तिने विचारलं.

पर्समध्ये आहे, धाकटी म्हणाली. पण लावायला नको वाटतं.

"का? तुझं हृदय धड आहे, तुझी वेळ आहे. तू उशी भिजवलीस म्हणून माझी मधली बारा वर्षं परत मिळणार आहेत का मला?" थोरलीला धाप लागली, ती थांबली, आणि मग बऱ्याच हळू आवाजात म्हणाली, "जा. लावून ये. निदान एकीला तरी मिळू दे."

धाकटी दवाखान्याच्या त्या अरुंद बाथरूममध्ये गेली. पट्टी लावली, वरून तळवा दाबून धरला, आणि भिंतीला डोकं टेकून मनसोक्त रडली. थोरलीसाठी रडली, आणि आपल्याला मिळतंय याची लाज वाटली म्हणूनही रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली.

थोरली उशीला टेकून बसली होती. गाऊन छातीपासून कंबरेपर्यंत भिजला होता, केस कपाळाला चिकटले होते. धाकटीचा जीव उडाला. धावत जाऊन तिने कपाळाला हात लावला. कपाळ गरम होतं. पट्टी निघून चार दिवस झाले होते, आणि जे होतं ते परत आलं होतं, एवढंच.

तिने सिस्टरला बोलावलं. सिस्टरने नाडी पाहिली, यंत्रावरचे आकडे पाहिले, आणि म्हणाली, काळजीचं काही नाही, हृदय व्यवस्थित चाललंय, हा आपला साधा घाम आहे. ती पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर आकडे लिहून जायला लागली.

"तोही लिहा," धाकटी म्हणाली.

सिस्टरला कळलं नाही. काय लिहू, तिने विचारलं.

"घाम येतो म्हणून लिहा. बारा वर्षं येतोय म्हणून लिहा."

असलं काही इथे लिहीत नाहीत, सिस्टर म्हणाली. धाकटी तिच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. सिस्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पलंगावरच्या बाईकडे, आणि पेनाचं टोपण पुन्हा उघडलं. ती लिहीपर्यंत धाकटी तिथून हलली नाही. मग तिने कोरडा गाऊन मागून घेतला आणि थोरलीचे हात एकेक करून बाहीत घातले.